आधी गोळी, मग कागद, शेवटी शेळी: एचआयव्हीबाधित कुटुंबाची मिळकत उभी करताना

नवरा गेलेला, स्वतःच्या गोळ्या चालू, पदरात दोन मुलं. अशा घराला हातभार लावायचा म्हटलं की बहुतेकांना पहिल्यांदा शेळी सुचते, नाहीतर शिलाई मशीन. ती दिली जाते. सहा-आठ महिन्यांनी जाऊन पाहिलं तर गोठा रिकामा आणि मशीन जावेच्या घरात. त्या बाईनं काही वावगं केलेलं नसतं. पोरगं आजारी पडलं, दवाखान्यात पैसे लागले आणि घरात विकण्याजोगं तेवढंच होतं. शेळी चुकीची नव्हती, ती फार लवकर आली.

हे लिहिलंय बचत गटाच्या ताईंसाठी, गावोगावच्या कार्यकर्त्यांसाठी आणि अशा घरातल्या माणसांसाठीही. योजना आणि कागद महाराष्ट्रातले आहेत. टप्पे दिलेल्या क्रमानंच घ्या. मधला एखादा गाळलात तर पुढचा कोसळतो, हे मी पुन्हा पुन्हा पाहिलं आहे.

टप्पा १: घरात पाऊल टाकण्याआधी

कोणाला काय माहीत आहे, हे आधी विचारा. सासूला माहीत आहे का? मुलांना? दिराला? शेजारच्या आशाताईंना? उत्तरं ऐकून घ्या आणि लक्षात ठेवा, कुठे लिहून ठेवू नका. २०१७ चा एचआयव्ही-एड्स कायदा १० सप्टेंबर २०१८ पासून लागू आहे. विश्वासानं कळलेली ही माहिती त्या माणसाच्या संमतीशिवाय दुसऱ्याला सांगायची नाही, असं तो सांगतो. यात तुम्हीही आलात आणि तुमची संस्थाही.

सुरुवातीच्या काळात माझ्या हातून झालेली चूक सांगते. सहा बायकांना एकाच दिवशी, एकाच मंडपात मशीनं दिली. बॅनरवर आजाराचं नाव नव्हतं, पण मशीनं वाटणारे एचआयव्हीचं काम करतात हे तालुक्याला ठाऊक होतं. संध्याकाळपर्यंत सहाही घरं ओळखली गेली. त्यातली एक पुढच्याच महिन्यात माहेरी गेली, ती परत आली नाही. तेव्हापासून वाटपाचा कार्यक्रम नाही, फोटो नाही आणि फक्त 'अशा' बायकांचा वेगळा गटही नाही.

इशारा: संस्थेच्या नावाची गाडी दारात उभी करू नका. भेट एआरटी सेंटरवर (एचआयव्हीच्या गोळ्या मिळतात तिथे), बाजारच्या दिवशी तालुक्याला किंवा ती म्हणेल तिथे.

टप्पा २: गोळी आणि अंगातली ताकद

मिळकतीचा विचार करण्याआधी चार प्रश्न विचारा. गोळ्या कधी सुरू झाल्या? गेल्या तीन महिन्यांत किती दिवस चुकल्या? शेवटचा व्हायरल लोड (रक्तातल्या विषाणूंची मोजणी) कधी झाला? टीबीची तपासणी झाली का?

सरकारी एआरटी सेंटरवर औषध आणि व्हायरल लोड दोन्ही मोफत आहेत. गोळ्या सुरू झाल्यावर व्हायरल लोड सहाव्या आणि बाराव्या महिन्यात, मग वर्षातून एकदा होतो. आकडा १००० च्या खाली असला की औषध लागू पडतंय असं धरतात. नव्यानं गोळ्या सुरू झालेल्या माणसाला पहिले सहा महिने कर्ज नको, जनावर नको, अंगमेहनतीचा नवा धंदाही नको. हा नियम माझा आहे, सरकारचा नाही. या काळात दबलेले आजार डोकं वर काढतात आणि दवाखान्याच्या फेऱ्या वाढतात. हे सहा महिने पुढच्या तीन टप्प्यांत कामी लावा, म्हणजे वाया जाणार नाहीत.

टीबी निघाला तर निक्षय पोषण योजनेतून उपचार चालू असेपर्यंत महिन्याला १,००० रुपये मिळतात. त्यासाठी बँक खातं जोडलेलं हवं.

ऊसतोडीला जाणाऱ्या जोडप्यांचं काम दसऱ्याच्या आधीच करावं लागतं. मुकादमाची उचल घेतलेली असते, कोयता एकदा निघाला की पाच-सहा महिने परत येणं नाही आणि गोळ्या तिथेच तुटतात. निघण्यापूर्वी सेंटरच्या काउन्सेलरला कारखान्याचं गाव सांगा. तब्येत स्थिर असेल तर एकदम तीन महिन्यांच्या गोळ्या मिळू शकतात, नाहीतर त्या भागातल्या सेंटरला ट्रान्सफर करून घेता येतं. "मुकादमाला कळेल" या भीतीनं लोक विचारतच नाहीत. ट्रान्सफरचा कागद एका सेंटरकडून दुसऱ्या सेंटरकडे जातो, मुकादमाचा त्याच्याशी काही संबंध येत नाही.

तपासा: पुढच्या तीन महिन्यांच्या सेंटरच्या तारखा तुम्हाला ठाऊक आहेत का? धंद्याचं वेळापत्रक त्या तारखांभोवती बसवायचं आहे.

टप्पा ३: कागदांची पिशवी

एक प्लास्टिकची चेनची पिशवी घ्या. आधार, रेशनकार्ड, बँक पासबुक, मुलांचे जन्मदाखले, शाळेचा बोनाफाईड, नवऱ्याचा मृत्यूदाखला, सातबारा आणि घराचा नमुना आठ (ग्रामपंचायतीचा उतारा), प्रत्येकाच्या तीन झेरॉक्स. एआरटीचं पुस्तक या पिशवीत कधीही ठेवू नका. सेतू केंद्रात पिशवी काउंटरवर उपडी होते आणि सगळे बघतात.

सगळ्यात जास्त अडतं ते मृत्यूदाखल्यावर. कितीतरी बायका तो काढतच नाहीत, कारण त्यावर आजाराचं नाव येईल असं त्यांना वाटतं. येत नाही. जन्म-मृत्यू नोंदणीच्या कायद्यानुसार दाखल्याच्या उताऱ्यावर मृत्यूचं कारण देताच येत नाही. हे एक वाक्य सांगितल्यानं दोन-दोन वर्षं अडलेली कामं सुटलेली मी पाहिली आहेत. नोंद २१ दिवसांत करायची असते. वर्ष उलटलं की दंडाधिकाऱ्याचा आदेश लागतो आणि फेऱ्या वाढतात, म्हणून दशक्रियेच्या आसपासच घरातल्या कोणाकडून तरी हे काम करून घ्या.

दुसरी अडचण नावांची. आधारवर 'सुनिता', बँकेत 'सुनीता', रेशनकार्डावर माहेरचं आडनाव. योजनेचा अर्ज यामुळेच परत येतो. अर्ज भरण्याआधी सगळी नावं एका ओळीत मांडून अक्षर अक्षर जुळवा. चूक आधी आधारमध्ये दुरुस्त करा, मग बाकी ठिकाणी. आधी बँकेत बदललंत तर आधार बदलल्यावर पुन्हा बँकेत जावं लागतं.

टप्पा ४: जमीन आणि घर

या टप्प्यावर मी सगळ्यात जास्त वेळ घालवते. बाईला अर्धा एकर का होईना, हक्कानं मिळालं तर शेळ्यांच्या चाऱ्याचा प्रश्न सुटतो, कर्जाला आधार होतो आणि सासरी टिकून राहता येतं.

हिंदू वारसा कायद्यात विधवा, मुलं आणि मयताची आई हे पहिल्या वर्गाचे वारस आहेत. तिला एचआयव्ही आहे म्हणून हिस्सा कमी होत नाही आणि मुलगी म्हणून मुलीचाही होत नाही. काम असं करा:

१. आधी सातबारा काढून नवऱ्याचं नाव आहे का ते पाहा. नसेल तर थोरल्या दिराच्या नावापुढे 'एकुमॅ' लिहिलंय का पाहा. एकत्र कुटुंब मॅनेजर असा त्याचा अर्थ. म्हणजे जमीन सगळ्यांची आहे, नाव फक्त एकाचं लागलंय. अशा ठिकाणी आधी ती नोंद दुरुस्त करून घ्यावी लागते.

२. मृत्यूदाखला आणि वारसांची नावं घेऊन तलाठ्याकडे वारस नोंदीचा अर्ज द्या. मुदत तीन महिन्यांची आहे. ती उलटली तरी अर्ज घेतला जातो, थांबू नका. पोच सही-शिक्क्यासह घ्या.

३. लहान मुलांची नावंही लावा. त्यांच्या नावाला 'अपाक' (अल्पवयीन मुलाचा पालक) म्हणून आईचं नाव लागतं. मुलांच्या हिश्श्याची जमीन जिल्हा न्यायालयाच्या परवानगीशिवाय विकता येत नाही, हा आईला मोठा आधार आहे.

४. फेरफाराची (सातबाऱ्यावरच्या नावबदलाची) नोटीस निघते आणि हरकतीला १५ दिवस मिळतात. या पंधरवड्यात तिला एकटी सोडू नका. घरात दबाव येतो तो याच दिवसांत.

५. मंडळ अधिकाऱ्यानं नोंद प्रमाणित केली की नवा सातबारा काढून पिशवीत ठेवा.

इशारा: "इथे सही कर, नाव लावायचंय" म्हणून पुढे केलेला कागद हक्कसोडपत्र असू शकतो. दिवसकार्यात, रडून थकलेल्या बाईच्या सह्या घेतल्या जातात. कागद वाचून दाखवल्याशिवाय सही नाही आणि दुय्यम निबंधकाच्या कार्यालयात जायचं म्हणतील तर आधी तुम्हाला फोन, एवढं तिला पहिल्या भेटीतच सांगून ठेवा.

घरातून काढायला निघाले तर एचआयव्ही-एड्स कायद्यानं तिला राहत्या घरात राहण्याचा आणि घरातल्या सोयी वापरण्याचा हक्क दिला आहे. तालुका विधी सेवा समितीकडे स्त्रियांना वकील मोफत मिळतो, त्याला उत्पन्नाची अट नाही. आई-वडील दोघंही गेलेल्या घरात १२ वर्षांवरचं, समज असलेलं थोरलं भावंड लहानग्यांचं पालक म्हणून शाळाप्रवेश आणि बँक खात्यासारखी कामं करू शकतं. ही तरतूद बँकेत फारशी कोणाला माहीत नसते. याच कायद्याच्या कलम ३२ ची प्रत सोबत न्या.

टप्पा ५: हक्काचा पैसा, शक्यतो आजार न सांगता

योजना बऱ्याच आहेत. चूक होते ती अर्ज कोणत्या कारणानं करायचा यात. 'एचआयव्हीग्रस्त' म्हणून अर्ज केला की तो कागद तलाठी, सेतू, समिती अशा चार टेबलांवरून फिरतो. तोच लाभ दुसऱ्या कारणानं मिळत असेल तर ते कारण घ्या.

संजय गांधी निराधार योजनेत महिन्याला १,५०० रुपये मिळतात, कुटुंबाचं वार्षिक उत्पन्न २१,००० रुपयांच्या आत लागतं. यात एचआयव्हीग्रस्तही बसतात आणि निराधार विधवाही. रक्कम तीच. विधवा असेल तर विधवा म्हणूनच अर्ज करा. नवरा-बायको दोघं हयात असतील तरच आजाराचा दाखला जोडा आणि तो बंद पाकिटात द्या. एक लक्षात ठेवा: हे १,५०० घेणाऱ्या बाईला लाडकी बहीण योजना लागू होत नाही. दोन्हीकडे अर्ज केला तर नाव कटतं आणि सगळंच अडकतं.

बाल संगोपन योजनेचंही तसंच. एका मुलामागे महिन्याला २,२५० रुपये. एचआयव्हीबाधित मुलं यात आहेत, तशी एक पालक असलेली मुलंही आहेत. एक पालक म्हणून जा. अर्ज जिल्हा महिला व बालविकास कार्यालयात द्यायचा आणि आदेश बाल कल्याण समिती काढते. दोन मुलांच्या घरात ही रक्कम बहुतेक धंद्यांच्या पहिल्या वर्षाच्या नफ्यापेक्षा मोठी ठरते. तरी लोक आधी धंदा काढतात.

रेशनसाठी तहसीलच्या पुरवठा शाखेत जा. दारिद्र्यरेषेखालच्या एचआयव्हीबाधित कुटुंबांना अंत्योदयमध्ये प्राधान्यानं घ्यावं असा केंद्राचा २००९ चा आदेश आहे. कार्डावर महिन्याला ३५ किलो धान्य मिळतं आणि कार्ड का मिळालं ते त्यावर लिहिलेलं नसतं.

नवऱ्याचं जुनं पासबुक शेवटपर्यंत वाचा. ४३६ रुपयांची वर्षाची कपात दिसली (२०२२ च्या आधी ती ३३० होती) तर तो जीवन ज्योती विमा आहे. मृत्यू विम्याच्या मुदतीत झाला असेल तर दोन लाखांचा दावा होतो. नवरा कारखान्यात असताना पीएफ कापला जात असेल तर विधवा पेन्शनची चौकशी करा. दारिद्र्यरेषेखालच्या घरातला कर्ता १८ ते ५९ या वयात गेला असेल तर राष्ट्रीय कुटुंब अर्थसाहाय्यातून एकरकमी २०,००० मिळतात. हे पैसे कोणी आणून देत नाही आणि फार उशीर झाला की मिळत नाहीत.

तपासा: किमान एक मासिक रक्कम खात्यात सलग तीन वेळा जमा झाली का? तोवर पुढचा टप्पा नको.

टप्पा ६: वही आणि दवाखान्याचा डबा

महिनाभर रोजचा खर्च लिहायला सांगा. लिहिता येत नसेल तर मुलीकडून, तेही नसेल तर खडे मोजून. यात सेंटरच्या एसटीचं भाडं, बुडालेली मजुरी आणि सावकाराचं व्याज वेगळं काढा. शेकडा पाच म्हणजे दहा हजारांवर महिन्याला पाचशे, वर्षाला सहा हजार. असं कर्ज डोक्यावर असेल तर पहिला 'धंदा' तेच फेडणं हा आहे. बचत गटातून शेकडा एकनं उचलून सावकाराचं मिटवलं, तर महिन्याला चारशे रुपये नुसते बसून वाचतात.

मग डबा. घरात किंवा गटाच्या खात्यात दोन महिन्यांचा किराणा आणि दवाखान्याचं भाडं भागेल एवढी रक्कम वेगळी. शेळी विकली जाऊ नये म्हणून ही रक्कम आहे. ती जमेपर्यंत जनावर घ्यायचं नाही.

गट गावातलाच नेहमीचा असू द्या, 'उमेद' या सरकारी अभियानाचा किंवा दुसरा कोणताही. गटात आजार सांगण्याचं कारण नाही. आठवड्याची बैठक सेंटरच्या दिवशी येते का तेवढं मात्र पाहा.

टप्पा ७: धंदा निवडणं

तिला विचारा: रोज किती तास बसून काम होतं, किती तास उभं राहून? दुपारी थकवा येतो का? सेंटरच्या दिवशी मागे कोण बघणार? शेवटचा प्रश्न सगळ्यात मोठा आहे. उत्तर "थोरली पोरगी" असं आलं तर तो धंदा सोडून द्या. शेळ्या चारायची वेळ आणि शाळेची वेळ एकच असते.

एक रोजचा पैसा आणि एक वाढणारी वस्तू अशी जोडी लावा. रोजच्या पैशाला ब्लाउज-फॉल-पिको, भाजी, शेवया-पापड, गावात नसेल तर छोटी गिरणी. वाढणाऱ्या वस्तूला शेळी किंवा गाय. नुसती शेळी घेतली तर वर्षभर हातात काही येत नाही आणि नुसतं शिवणकाम केलं तर आजारपणात सगळंच थांबतं.

खाण्याच्या वस्तूंबद्दल सरळ सांगते. जेवणातून, दुधातून, पापडातून एचआयव्ही पसरत नाही आणि तिनं हा धंदा करू नये असं सांगायचा कोणालाही अधिकार नाही. पण गावाला तिच्याबद्दल माहीत असेल तर पहिलं गिऱ्हाईक तुटायची भीती खरी आहे. हे तिच्यापासून लपवू नका आणि तिच्या वतीनं ठरवूही नका. मधला मार्ग असतो. गटाच्या नावानं एकत्र विकलेले पापड, डेअरीला घातलेलं दूध. तिथे घेणाऱ्याचा संबंध मालाशी येतो, घराशी नाही.

कोंबड्यांची विष्ठा, भुशाची धूळ, दमट बंद खोली हे सीडीफोर (रक्तातल्या प्रतिकारशक्तीच्या पेशी) कमी असलेल्या माणसाच्या फुप्फुसाला जड जातं. काउन्सेलरला किंवा डॉक्टरांना आकडा विचारूनच ठरवा.

टप्पा ८: शेळ्या घ्यायच्याच तर

दोनपासून सुरुवात. संस्था पाच देत असेल तरी दोनच घ्या. शेळी पाच महिने गाभण राहते, करडं विकायला आणखी आठ-नऊ महिने. म्हणजे कोरी शेळी घेतली तर ती गाभण राहीपर्यंतचे दिवस धरून पहिला पैसा चौदा-पंधरा महिन्यांनी. म्हणून गाभण किंवा पायाशी पिल्लं असलेली घ्या. मराठवाड्यात उस्मानाबादी घ्या. ती तिथल्या हवेची आहे आणि जुळी देते. बाहेरची देखणी जात पहिल्याच उन्हाळ्यात आजारी पडते.

- आधी चारा, मग शेळी. बांधावर शेवरी, सुबाभूळ लावा आणि तूर-हरभऱ्याचं भुसकट साठवा. एका शेळीला दिवसाला तीन-चार किलो हिरवा चारा लागतो.
- दात आणि कास पाहून घ्या. आठवडी बाजारातली घाईची खरेदी टाळा, ओळखीच्या गोठ्यातून घ्या.
- आणल्यावर पंधरा-वीस दिवस गावच्या कळपापासून वेगळ्या ठेवा, जंतनाशक द्या.
- पीपीआर या शेळ्यांच्या साथीच्या रोगाची लस टोचून घ्या. आंत्रविषाराची पावसाळ्याच्या आत. दर वर्षी पहिल्या पावसाच्या कोवळ्या गवतानं यात शेळ्या जातात.
- विमा काढला तर कानातला बिल्ला जपा. बिल्ल्याशिवाय दावा होत नाही.

इशारा: शेळी व्यायला आली की गोळ्या चालू असलेल्या माणसानं उघड्या हातानं वार (पिल्लामागून पडणारी पिशवी) किंवा पिल्लू ओढू नये. हातमोजे घाला, नाहीतर शेजारणीला बोलवा. दूध उकळूनच प्या. गर्भपात झालेल्या शेळीची वार पुरा आणि पशुवैद्याला कळवा.

विकताना उक्ती नको, वजनावर. व्यापारी नजरेनं सांगतो तो भाव आणि काट्यावरचा भाव यात गरिबाचाच तोटा होतो. बकरी ईदच्या आधी बोकडाला भाव येतो, तो दिवस धरून आधीपासून पाळा. पाठी (मादी करडं) विकू नका, दोन वर्षं तरी.

टप्पा ९: पहिलं वर्ष

पहिले तीन महिने पंधरवड्याला भेट, नंतर महिन्याला. दर भेटीत आधी गोळीचं विचारा, मग डब्याचं, मग धंद्याचं. गोळी चुकायला लागली असेल तर धंद्यानं तिला ओढलंय असं समजा आणि धंदा कमी करा. डबा फुटला असेल तर तो भरेपर्यंत नवी खरेदी नाही.

निराधार योजनेचा हयातीचा दाखला वर्षाला द्यावा लागतो, उत्पन्नाचा कधी ते तहसीलला विचारून घ्या. तारीख घरातल्या कॅलेंडरवर गोल करून ठेवा. हा दाखला चुकला की पैसे गुपचूप बंद होतात आणि ते चार महिन्यांनी कळतं. मध्येच कोणी नोकरीवरून काढलं, शाळेनं अडवलं, दवाखान्यानं हात लावायला नकार दिला, तर जिल्हा रुग्णालयातल्या डापकू (जिल्हा एड्स नियंत्रण पथक) कार्यालयात लेखी तक्रार द्या. १०९७ हा मोफत फोन आहे, त्यावर नाव न सांगताही विचारता येतं.

वर्ष झालं की एका भेटीत सगळं तिच्याकडून वाचून घ्या: पासबुक, सातबारा, व्हायरल लोडची तारीख, गटातली बचत. ती स्वतः सांगू शकली की भेटी तीन महिन्यांवर न्या. तिच्या कागदांच्या ज्या झेरॉक्स तुमच्याकडे आहेत त्या त्याच दिवशी परत करा आणि मोबाइलमध्ये काढलेले फोटो तिच्यासमोर पुसा.